रडणारा आनंद, शांत अनुरुद्ध

वांद्र्याच्या वसाहतीत एखाद्या घरी मयत होते. एक सून हंबरडा फोडते. दुसरी चहाचे आधण ठेवते, आल्यागेल्याचे पाहते. लगेच बायका कुजबुजतात, ‘हिचं काळीज दगडाचं!’ धम्मदीक्षा घेतलेल्या घरांनी तरी असा झटपट निवाडा देऊ नये.

कुशिनाराला महापरिनिर्वाणाची वेळ जवळ आली तेव्हा आनंद दाराला टेकून रडला. तथागतांनी त्याला बोलावून धीर दिला, भिक्खूंसमोर त्याचे गुण सांगितले. पुढे परिनिर्वाण झाल्यावर अनुरुद्ध शांत राहिला व त्याने रडणाऱ्यांना सावरले. सुत्तात त्याला कोणी निष्ठुर म्हणत नाही. दुःख एकच, पण ज्याच्या त्याच्या स्वभावाच्या वाटेने ते बाहेर पडते.

बुद्धघोषाचार्यांनी पाचव्या शतकात ‘विसुद्धिमग्गा’त सहा चरिते सांगितली: राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी, वितर्क. झाडण्याच्या तऱ्हेवरूनही चरित ओळखावे म्हणतात. द्वेषचरिताचा माणूस झाडू घट्ट आवळून खरखर झाडतो. (आपल्या हाती पिढ्यानपिढ्या झाडू सक्तीने दिला गेला, म्हणून सांगतो: हे चरित माणसाचे, जातीचे नव्हे.) आणि ते कपाळी लिहिलेलेही नव्हे. द्वेषचरिताने मैत्रीभावना करावी, वितर्काने बेचैन झालेल्याने श्वासावर लक्ष ठेवावे, असे आचार्य सुचवितात.