विकत घेतलेले आणि आपले

एखादी वस्तू आपली आहे, असे आपण केव्हा म्हणतो? तिचे मूल्य चुकते केले म्हणजे, हे उत्तर सोपे आहे. विज्ञानेश्वरानेही मिताक्षरेत स्वत्व हे लौकिक आहे, म्हणजे लोकव्यवहारानेच सिद्ध होते, असा निर्णय दिला. वस्तूचा यथेष्ट विनियोग करण्याची योग्यता म्हणजे स्वत्व, अशीही एक जुनी व्याख्या आहे. नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणीला ती पटली नाही. त्याने स्वत्व हा एक स्वतंत्र पदार्थच मानला. हा वाद पोथ्यांतच संपला असे मात्र समजू नये. तळहाताएवढ्या ई-बुक वाचनयंत्राने तो पुन्हा उभा केला आहे.

परप्रांती नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना या यंत्राची थोरवी सांगावयास नको. बदलीचा हुकूम आला की पहिली कुऱ्हाड पुस्तकांच्या पेट्यांवर पडते. किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तके मिळू लागली, ही मोठीच सोय झाली. परंतु जुने मराठी ग्रंथ बहुधा पानांच्या छायाचित्रांच्या रूपातच मिळतात आणि लहान पडद्यावर त्यांची अक्षरे मुंगीएवढी दिसतात. ‘कोरीडर’ हे मुक्त सॉफ्टवेअर अशा पानांतील शब्द सुटे करून पडद्याच्या रुंदीप्रमाणे मोठ्या आकारात पुन्हा जुळविते. मात्र किंडलवर ते बसवावयाचे तर कंपनीने घातलेले कुलूप आधी उघडावे लागते. कंपनी ती फट बुजविते, लोक दुसरी शोधतात.

हे वर्तन नीतीला धरून आहे काय? आक्षेपक म्हणेल, यंत्र घेताना तुम्ही अटी मान्य केल्या, शब्द पाळा. हा आक्षेप हलका नाही. सरकारी निवासस्थानात आपण लायसन्स फी भरून राहतो आणि तेथील भिंत पाडण्याचा विचारही करीत नाही. पण ते घर तुम्हांला विकले, असे तेथे कोणी सांगितलेले नसते. येथे ‘विकत घ्या’ म्हणून पैसे घेतले जातात आणि मागाहून कळते की पुस्तक केवळ वापरावयास दिले होते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’ व ‘ॲनिमल फार्म’ यांच्या प्रती ग्राहकांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकल्या. विक्रेत्याजवळ त्या पुस्तकांचे हक्क नव्हते, हे खरे. पैसे परत केले, पुढे जेफ बेझोस यांनी क्षमाही मागितली. तथापि दुकानदार रात्री घरात शिरून, फळीवर पैसे ठेवून पुस्तक उचलून नेतो, तेव्हा त्या फळीचा धनी कोण, हा प्रश्न उरतोच. केवळ परवाना देत असताना ग्राहकाला ते स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरू नये, असा कायदा कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, तो उगाच नव्हे.

तेव्हा विवेक असा करावा लागतो. यंत्र माझे आहे. त्यातील अक्षरे मोठी करणे हा माझा अधिकार आहे. पुस्तकातील शब्द लेखकाचे आहेत. त्यांच्या प्रती फुकट वाटणे हा माझा अधिकार नव्हे. पहिले कुलूप उघडणाऱ्याच्या हाती दुसरे उघडण्याचेही साधन पुष्कळदा येते, आणि खरी कसोटी तेथेच लागते. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा हा भेद जाणतो. २०१२ मध्ये त्यात घातलेले ६५अ हे कलम कुलूप तोडणाऱ्याला दंडार्ह ठरविते ते हक्कभंगाचा हेतू असेल तर. मराठी लेखकाला मुळात मिळते ते थोडे. त्यातील वाटा आपण, महिन्याच्या महिन्याला वेतन घेणाऱ्यांनी, बुडवावा हे लाजिरवाणे होय.

आणखी एक गोष्ट अशी की, स्वामित्वाबरोबर दायित्वही येते. यंत्र उघडताना ते निकामी झाले, तर हमीचा कागद घेऊन दुकानदाराच्या दारात तक्रार करण्यात अर्थ नाही. ज्याला हा तोटा सोसवत नाही, त्याने कुलपाला हात लावू नये. त्यात कमीपणा काहीच नाही.

कारकुनाच्या वाट्याला आयुष्यात फारशा वस्तू पूर्णपणे आपल्या म्हणून येत नाहीत. मेज सरकारचे, घर सरकारचे, गावही तीन-चार वर्षांपुरतेच. म्हणूनच जी मोजकी वस्तू स्वतःच्या पैशाने घेतली, ती कोठवर आपली आहे हे नीट जाणून घेणे, आणि जेथे ती आपली नाही तेथे हात आवरणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच प्रामाणिकपणाची आहेत.