एक टनाचा परिग्रह

ऑस्ट्रेलियात खाणींवर, शेतांवर आणि बांधकामांवर काही वर्षे राबलेली पिकअप गाडी लिलावात निघते. तिथून ती पुष्कळदा अशा माणसाच्या हाती जाते, ज्याला तिच्यात राहून वाळवंटी मुलखात आठवडेच्या आठवडे भटकायचे असते. शिड्यांचा सांगाडा आणि हत्यारांच्या पेट्या उतरतात. बंद हौदा, टपावरचा तंबू, पाण्याची टाकी, जादा बॅटरी आणि फ्रिज चढतात. या कामातले तांत्रिक प्रश्न मेकॅनिक सोडवतो. एक प्रश्न मात्र त्याच्या हातचा नाही: घेतलेली वस्तू प्रवासाचे साधन कुठवर असते आणि कुठून पुढे तिचा नुसता संग्रह होतो? बौद्ध आणि जैन या भारतीय श्रमण परंपरांनी या प्रश्नावर दोन हजार वर्षांहून अधिक काळ वाद घातला आहे. तो वाद या गाडीला आश्चर्य वाटावे इतका लागू पडतो.

ऑस्ट्रेलियात या गाडीला ‘यूट’ म्हणतात. १९३२ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्ड कंपनीला पत्र लिहून रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी एकच गाडी मागितली, असे सांगतात. जिलाँग येथील कारखान्यात लुईस बँट यांनी तिचा आराखडा केला आणि १९३४ मध्ये ती बाजारात आली. म्हणजे या गाडीची सुरुवातच काटकसरीतून झाली: दोन कामांना दोन गाड्या नकोत.

आजच्या टोयोटा हायलक्ससारख्या गाडीची वाहनक्षमता साधारण एक टन. आकडा मोठा वाटतो, पण हिशेब मांडला की तो भराभर संपतो. पोलादी बंपर साठ किलो, विंच तीस, बंद हौदा दीडशे ते दोनशे, आतले खण साठ, तंबू साठ. ऐंशी लिटर पाणी म्हणजे ऐंशी किलो, तेवढेच जादा डिझेल म्हणजे सदुसष्टच्या आसपास. दुसरी स्टेपनी, भरलेला फ्रिज, दोन माणसे. इथपर्यंत पाऊण टन उलटून जातो, आणि धान्य, भांडी, हत्यारे, कपडे, अंथरूण-पांघरूण अजून जमिनीवरच असतात. मर्यादा ओलांडली तर दंड होतो, विम्याचा दावा अडचणीत येतो आणि खडबडीत वाटेवर त्याहून वाईट घडते. मागच्या आसाच्याही पलीकडे वजन लादलेल्या गाडीची चासी हौदा आणि केबिन यांच्या मध्ये वाकते. ही कल्पना नव्हे. दोन दारांमागे आणखी दोन दारे असलेल्या लांब पिकअपमध्ये ही मोडतोड नेहमीची आहे.

ओझ्याला अशी हद्द श्रमणांनीही घातली होती. भिक्खूच्या सामानाची यादी बौद्ध विनयाने, म्हणजे संघाच्या नियमावलीने, आठ वस्तूंवर आणून ठेवली: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके. यादीपेक्षा तिच्याभोवतीचे नियम जास्त बोलके आहेत. जादा पात्र मिळाले तर ते दहा दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. जुन्या पात्राला पाच ठिकाणी सांधे पडलेले नसतील तर नवे मागता येत नाही. वस्तू चांगली की वाईट याची चर्चाच नाही. हातातली वस्तू खरोखर निकामी झाली का, एवढेच पाहायचे. वापरलेली गाडी घेणारा हा नियम नकळत पाळतो. पुढे तिच्यावर शोरूममधल्या गाडीहून महागडे सामान चढवतो तेव्हा तो मोडतो.

जैन परंपरेत हाच प्रश्न पंथभेदापर्यंत गेला. दिगंबर मुनीजवळ मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि शास्त्रग्रंथ एवढेच असते. त्यांच्या मते वस्त्र आले की ते मागणे, धुणे, शिवणे आणि हरवण्याची धास्ती आपोआप येते. म्हणून वस्त्र हा परिग्रहच, म्हणजे संग्रहच. श्वेतांबरांचे उत्तर असे की संयमाला आधार देणारी वस्तू उपकरण ठरते. तिला परिग्रह म्हटले तर अन्न आणि शरीर यांनाही म्हणावे लागेल. दोन्ही पंथांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा, म्हणजे वस्तूविषयीची आसक्ती, अशी केली. वस्तू तीच, पण एकाजवळ साधन आणि दुसऱ्याजवळ संग्रह असू शकते, असा तिचा अर्थ होतो.

व्याख्या सूक्ष्म आहे, आणि तिच्यातच पळवाट आहे. आसक्ती आतली असल्याने ती नाही असे कोणीही म्हणू शकतो. चौथा दिवा, दुसरा स्टोव्ह, तिसरी खुर्ची यांतली प्रत्येक वस्तू घेताना ‘लागली तर असावी’ हे कारण तयार असते, आणि ते दर वेळी खरेही वाटते. दिगंबरांची धास्तीविषयीची तक्रार इथे जास्त खरी ठरते. वजनकाट्याला मात्र कोणाच्या मनात काय आहे याच्याशी देणेघेणे नसते. तो आकडा दाखवतो.

गृहस्थासाठी जैनांनी म्हणूनच वेगळी वाट काढली. श्रावकाचे पाचवे अणुव्रत म्हणजे परिग्रह-परिमाण. सर्वत्याग त्यात अपेक्षित नाही. शेत, घर, सोने, धान्य, भांडी यांची हद्द आपणच आधी ठरवायची आणि पुढे ती पाळायची. हद्द ओलांडणे हा अतिचार, म्हणजे व्रताला लागलेला डाग. टीकाकारांना माणसाची हुशारीही ठाऊक होती. बाराव्या शतकात हेमचंद्रांच्या योगशास्त्राने नोंदवलेल्या युक्त्यांत दोन घरे जोडून त्यांची गणती एक करण्याची युक्ती आहे: संख्या तीच राहते, मालमत्ता वाढते. पिकअपच्या दुनियेत याचे नेमके प्रतिरूप सापडते. सामान बसेना तेव्हा मागचे पाटे आणि शॉकअप बदलून, अभियंत्याचे प्रमाणपत्र घेऊन, गाडीची मान्य वजनमर्यादाच वाढवून घेतात. कायद्याने ते योग्य आहे, कित्येकदा सुरक्षेसाठी आवश्यकही. पण व्रताच्या दृष्टीने पाहिले तर ओझे कमी करण्याऐवजी हद्द सरकवली गेली.

इतके सामान लागते का, याचे बरेचसे उत्तर मुलखाच्या ओळखीत आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातली विलुना ते हॉल्स क्रीक ही कॅनिंग गुरवाट सुमारे १,८५० किलोमीटरची आहे. आल्फ्रेड कॅनिंग यांनी १९०६-०७ मध्ये तिची पाहणी केली आणि पुढे १९१० पर्यंत तिच्यावर पन्नासच्या वर विहिरी बांधल्या. पाणी शोधण्यासाठी त्यांनी तिथल्या आदिवासींना साखळदंडांनी बांधून वाटाडे केले. १९०८ मध्ये त्याची चौकशी झाली आणि ते दोषमुक्त ठरले. निवाडा काहीही असो, साखळ्या खऱ्या होत्या. ज्या माणसांजवळ जवळजवळ काहीच सामान नव्हते त्यांना प्रत्येक पाणवठा ठाऊक होता. ज्यांच्याजवळ उंट, पिंपे आणि अवजारे होती त्यांना तो हिसकावून घ्यावा लागला. आजच्या गाडीतली ऐंशी लिटरची टाकी याच अज्ञानाची भरपाई करते. तिला संग्रह म्हणता येणार नाही: अनोळखी मुलखात जाणाऱ्याने पाणी न नेणे हा त्याग नसून इतरांवर टाकलेला भार आहे. पाण्याची टाकी आणि तिसरी खुर्ची एकाच यादीत असली तरी एकाच पारड्यात घालू नयेत.

पाचव्या व्रतापुरता विचार केला तर जुन्या पिकअपचे भटकगाडीत रूपांतर निर्दोष होऊ शकते. मर्यादा पाटे बदलण्याआधी ठरवावी, काट्यावर गाडी पूर्ण भरून तोलावी आणि जास्तीचे सामान घरी ठेवावे. श्रावकाच्या व्रतांत पुढचे मात्र दिग्व्रत येते. त्यात दाही दिशांना आपण कुठवर जाणार याची सीमा आखून घ्यायची असते, कारण सीमेपलीकडे माणूस गेलाच नाही तर तिथे त्याच्याकडून हिंसाही होत नाही. हा विचार भटकंतीच्या मुळावरच येतो: किती न्यायचे याच्या आधी जायचे कुठवर, असे तो विचारतो. व्यवहाराने याचे उत्तर निम्मेच दिले आहे. कॅनिंग वाटेचा मोठा भाग ज्यांच्या भूमीतून जातो त्या मार्टू लोकांचा त्या जमिनीवरचा हक्क न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केला, आणि आज त्या वाटेने जायचे तर आधी परवाना काढावा लागतो.