अव्हिन्योंच्या दफनभूमींत

विवाह हा केवळ एक करार आहे, असें आम्ही तरुणपणीं मोठ्या आवेशानें प्रतिपादन करीत असूं. आगरकरांनीं मिलचे ग्रंथ वाचले आणि त्यांच्यामागून तें वारें आमच्या घरापर्यंत पोंचलें होतें. कराराहून अधिक असें कांहीं त्या संबंधांत आहे, असें म्हणणारा मनुष्य आम्हांस एक तर भाबडा वाटे, नाहीं तर लबाड. पुढें आमचेंहि लग्न झालें. मत मात्र कायम राहिलें. नोकरीनिमित्त दक्षिण फ्रान्समध्यें वर्षभर राहण्याचा योग आला, तेव्हां पत्नीस पुण्यास ठेवून आम्ही निघालों, आणि खरें सांगावयाचें तर त्या वियोगाचें आम्हांस विशेष दुःख झालें नाहीं. आठवड्यांतून एकदां टेलिफोनवर बोलणें होई. ती गळक्या नळाची हकीकत सांगे. आम्ही घड्याळाकडे पाहत असूं.

अशा स्थितींत जूनमधल्या एका रविवारीं मिलचें थडगें पाहण्यास आम्ही अव्हिन्योंच्या दफनभूमींत गेलों. मिल व हॅरिएट टेलर यांची ओळख १८३० सालची. तिचा पहिला पति १८४९ मध्यें वारला व १८५१ मध्यें या दोघांनीं विवाह केला. तत्पूर्वीं मिलनें एक लेख लिहून ठेविला. पत्नीच्या शरीरावर, मिळकतीवर व स्वातंत्र्यावर इंग्लंडचा तेव्हांचा कायदा पतीस जे अधिकार देई, ते आपणांस नकोत. कायद्यानें ते टाकतां येत नाहींत म्हणून निदान निषेध नोंदवितों, असा त्याचा आशय. पुढें १८५८ च्या नोव्हेंबरांत प्रवासांत असतां हॅरिएट अव्हिन्योंस वारली. मिलनें दफनभूमीजवळच घर घेतलें. १८७३ मध्यें तोहि त्याच गांवीं वारला आणि तिच्याशेजारींच त्याला पुरलें.

या चरित्राचा पूर्वार्ध आम्हीं वादांत शेंकडों वेळां वापरला होता. उत्तरार्धाचें काय करावें तें मात्र कधीं उमगलें नव्हतें. ज्यानें पतीचे सारे अधिकार स्वतः होऊन नाकारले, त्याला त्या दगडाजवळ घर कशाला हवें होतें?

तेथून परततांना एका वृद्ध गृहस्थानें हांक मारली. नळावर भरलेली झारी त्याला उचलवेना. आम्हीं ती त्याच्या पत्नीच्या थडग्यापर्यंत नेली. दगडावर तिचें नांव होतें, त्याखालीं त्याचें स्वतःचें नांव व जन्माचें साल. पुढची जागा कोरी. "तुम्हांला त्यांची फार आठवण येत असेल," असें आम्हीं मोडक्या फ्रेंचमध्यें, केवळ रीत म्हणून म्हटलें. त्यानें आठवणीविषयीं कांहींच सांगितलें नाहीं. सांगितलें तें खिडकीविषयीं. उन्हाळ्यांत निजण्याच्या खोलीच्या झडपा याला उघड्या हव्या असत, तिला बंद. एक्केचाळीस उन्हाळे दोघें यावर भांडलीं. "ती गेल्यावर मीं त्या उघड्या ठेवून पाहिल्या," तो म्हणाला. "कोणी कांहींच बोललें नाहीं. आतां बंद ठेवितों."

करार जुळलेल्या इच्छांचा होतो. येथें तर न जुळलेली इच्छाच मागें उरली होती, आणि तिलाच तो जपत होता! कराराचीं कलमें वजा केलीं कीं विवाहांत शून्य उरतें, हें आमचें गणित होतें; परंतु ज्या गोष्टींना कलमांत जागाच नसते, त्या आम्हीं कधीं मोजल्याच नव्हत्या. अर्थात् छळ सोसणाऱ्या स्त्रीला असली खिडकीची गोष्ट ऐकविणें निर्दयपणाचें होईल. तिला मिलचा पूर्वार्धच हवा, आणि तो तिला मिळालाच पाहिजे. आमची गोष्ट निराळी होती. आम्हांला कोणीं छळलें नव्हतें. आम्हीं नुसतें ऐकलें नव्हतें.

त्या सायंकाळीं, ठरलेला वार नसतांना, आम्हीं पुण्यास टेलिफोन केला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. "अहो, प्रकृति बरी आहे ना तुमची?" हा पहिला प्रश्न. बरी आहे, असें सांगून आम्हीं नळाचें काय झालें तें विचारलें. ती क्षणभर थांबली, आणि मग अगदीं पहिल्यापासून सांगूं लागली.