ताठ चाल, आई

वसईच्या होळी बाजारात आई दर पन्नासेक पावलांवर थांबायची. कधी केळीवाल्याच्या हातगाडीवर दोन्ही हात टेकून पुढे वाकायची, कधी एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसायची. पिशव्या धरून मागे उभा असलेला मी म्हणायचो, ‘आई, ताठ चाल ना. अशानं पाठीला बाकच येईल.’ किती वेळा म्हणालो असेन? तेव्हा वाटायचं, ही काळजी आहे. पण आवाज चढायचा तो चुकत असलेल्या लोकलपायी.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की कमरेच्या मणक्यातली नळी अरुंद झाली आहे. ताठ उभं राहिलं की ती आणखी आवळते, नसा दबतात, पाय भरून येतात. पुढे वाकलं की थोडी मोकळी होते. म्हणजे आईला तिचा आराम सापडला होता आणि तोच मी भर बाजारात हिरावून घेत होतो.

एवढ्यावर मी शहाणा झालो का? त्याच रात्री वही काढली, मधे रेघ मारली. एका बाजूला मागचं हाड काढून नळी फक्त मोकळी करण्याचं ऑपरेशन, दुसऱ्या बाजूला त्यासोबत स्क्रू-रॉड घालून मणके जोडण्याचं. माझा कौल आधीच स्क्रूंकडे झुकलेला. का? ते मोठं होतं, महाग होतं. मुलानं काही हात राखला नाही, हे चार नातेवाइकांना दिसणार होतं. लिहिताना लाज वाटते.

मग वाचत गेलो. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी पाहिलं तर मणके जोडलेल्यांना जास्तीचा फायदा नव्हता. त्यांचा इस्पितळातला मुक्काम मात्र सरासरी चारऐवजी सात दिवस. नॉर्वेतल्या २०२१च्या अभ्यासात तर मणका सरकलेलेच रुग्ण होते. त्यांतही नुसती नळी मोकळी केलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के सुधारले, जोडलेल्यांपैकी ७३. झालं, मी वहीतली दुसरी बाजू खोडली. पण आपल्या परळच्या केईएममध्ये पूर्वी असलेले न्यूरोसर्जन अतुल गोयल नेमकं उलटं मांडत आले आहेत: मूळ दुखणं मणक्याच्या अस्थिरतेत आहे, हाड काढू नका, सांधे स्थिर करा. खोडलेलं पुन्हा लिहायचं? प्रत्येक वेळी मी शोधत काय होतो, आईला झेपेल ते, की मला एकदाचं मोकळं करील ते?

डॉक्टरांनी वही पाहिलीच नाही. तिलाच विचारलं, ‘आजी, किती चालता आलं म्हणजे पुरे?’

‘होळी बाजारापर्यंत,’ आई म्हणाली. ‘आणि परत.’

वहीत हे कुठेच नव्हतं. तिच्या वतीनं इतकं वाचलं, तिला एक प्रश्न विचारला नव्हता. तिचा मणका सरकलेला नाही, पाय लुळा पडलेला नाही, लघवीवरचा ताबा शाबूत आहे. म्हणून घाई नाही, असं डॉक्टर म्हणाले. आधी व्यायाम. ऑपरेशन करायची वेळ आलीच तर नुसती नळी मोकळी करण्याचं, तेही ती हो म्हणाली तर. तीन महिन्यांनी बघू, म्हणाले. ‘तीन महिने?’ हा प्रश्न तिचा नव्हता, माझा होता.

रविवारी पुन्हा बाजारात गेलो. ती हातगाडीवर वाकली. माझा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला, वेळ बघायला. तसाच मागे घेतला.