सल्लागाराचें इमान

ज्यानें आपणांस वाट विचारली त्यास ती दाखवितांना, त्या वाटेच्या शेवटीं उभ्या असलेल्या तिसऱ्या मनुष्याचा विचार करावा कीं करूं नये? नीतिशास्त्राच्या ग्रंथांत शोभणारा हा प्रश्न मीरा-भाईंदरसारख्या शहरांतील घराघरांत दरवर्षीं उभा राहतो. आंतरवासितेचें वर्ष संपवून डॉक्टर झालेला मुलगा किंवा मुलगी, शेजारीं आईबाप, आणि समोर कोणी वडीलधारा वैद्य किंवा पैसे घेऊन सल्ला देणारा समुपदेशक. पदव्युत्तर शिक्षणासाठीं कोणती शाखा मागावी, कोणतें रुग्णालय मागावें, एवढाच विषय. त्या खोलींत रुग्ण मात्र नसतो. आणि ज्याच्या जिवावर या निवडीचा परिणाम व्हावयाचा तो तर तोच.

ज्यांच्या घरांत वैद्यकाचा विद्यार्थी नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. पदव्युत्तर प्रवेशाची 'नीट' ही देशव्यापी परीक्षा प्रथम २०१३ च्या प्रवेशांसाठीं झाली. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द ठरविली. २०१६ सालीं तो निर्णय मागें घेतला गेला, आणि २०१७ च्या प्रवेशांपासून तिचाच अंमल चालू आहे. दोनशें प्रश्न, आठशें गुण, बरोबर उत्तरास चार, चुकलेल्या उत्तरास उणा एक. त्यावरून क्रमांक लागतो. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय वाट्याच्या आणि निम्म्या राज्याच्या. २९ जानेवारी २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पदव्युत्तर वैद्यकांतील रहिवासावर आधारलेलें आरक्षण घटनाबाह्य ठरविलें, तेव्हां केवळ भाईंदरचा पत्ता आहे म्हणून येथील मुलास मुंबईची जागा अधिक सुलभ नाहीं. जागा मिळाली म्हणजे तीन वर्षें 'निवासी' व्हावयाचें. हा शब्दही उगाच आलेला नाहीं; अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ सालीं उघडलें तेव्हां ऑस्लर आणि हॉलस्टेड यांच्या हाताखालचे तरुण वैद्य खरोखरच रुग्णालयांत राहत असत.

आतां सल्लागाराचें काम पाहूं. तो पसंतिक्रमाची यादी भरून देतो, आणि बहुधा भीतीचा उपदेश करतो: "हें महाविद्यालय लिहूं नकोस, गेल्या वर्षीं तेथील जागा फार वरच्या क्रमांकावर संपली." हा उपदेश व्यावहारिक दिसतो, पण चुकीचा आहे. जागा क्रमांकानें वांटल्या जातात; ज्याची पाळी आली त्याच्या यादींतील वरपासूनची जी पहिली जागा शिल्लक असेल ती त्यास मिळते. म्हणून अशक्यप्राय इच्छा सर्वांत वर लिहिल्यानें खालची शक्य जागा हातची जात नाहीं. तोटा होतो तो निराळ्याच गोष्टीनें: जी जागा मिळाली तरी जावयाचें नाहीं ती 'असूं द्या' म्हणून लिहिल्यानें. पुढील फेऱ्यांत ती सोडल्यास अनामत रक्कम जाते, आणि दुसऱ्या कोणाची तरी संधीही अडते.

अमेरिकेनें हा प्रश्न अधिक खोलांत जाऊन सोडविला. तेथें १९५२ पासून विद्यार्थ्यांच्या व रुग्णालयांच्या याद्या एकमेकींशीं जुळवून जागा ठरतात. गेल आणि शॅप्ले या दोघां गणितज्ञांनीं १९६२ सालीं अशा जुळणीचें मूलतत्त्व मांडलें. पुढें रॉथ यांनीं १९९८ च्या जुळणीपासून तिची अशी सुधारणा घडविली कीं विद्यार्थ्यानें मनांतला खरा क्रम लिहिणें हेंच त्याच्या हिताचें ठरावें. २०१२ सालीं रॉथ व शॅप्ले यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. खरें बोलणाऱ्याचें नुकसान होऊं नये अशी व्यवस्था आमच्या धर्मशास्त्रांना साधली नाहीं ती गणितानें निदान एका कोपऱ्यांत साधली, ही आम्हांस मोठी मौजेची गोष्ट वाटते.

परंतु खरी इच्छा लिहावी असें म्हटलें तरी ती ओळखावी कशी? हल्लीं वरच्या क्रमांकांचे विद्यार्थी क्ष-किरणनिदान, त्वचारोग, सामान्य औषधवैद्यक यांकडे धांवतात. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र यांच्या जागा ओस पडतात. २०२३ सालीं जागा भरेनात म्हणून पात्रतेची शततमक मर्यादा सर्व गटांसाठीं शून्यावर आणावी लागली. या धांवण्यांत लोभ आहे असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण ज्या मुलानें आंतरवासितेंत आपल्याहून चार वर्षांनीं मोठ्या निवासी डॉक्टरास छत्तीस छत्तीस तास जागतांना पाहिलें, त्यानें रात्रीच्या झोपेची किंमत धरली तर त्यास दोष कसा द्यावा? ज्या बापानें दोन खोल्यांच्या घरावर कर्ज काढलें त्यानें मिळकतीचा विचार बोलून दाखविला तर तो अधम ठरत नाहीं.

मग सल्लागारानें देशहिताचें नांव घेऊन मुलास भूलशास्त्राकडे किंवा बालरोगांकडे ढकलावें काय? २०११ च्या जनगणनेंतच आठ लाखांवर गेलेल्या या शहरांतून अवघड रुग्ण अजूनही मुंबईची वाट धरतात, हें आम्हीं जाणतों. तरीही आमचें उत्तर नकारार्थीच आहे. दुसऱ्यानें करावयास लावलेला त्याग हा त्याग नव्हे. आणि सल्लागार स्वतः त्यांतलें कांहींच भोगीत नाहीं.

येथें मात्र एक भेद पाळला पाहिजे. नावड निराळी आणि अपात्रता निराळी. क्रमांक उत्तम आहे म्हणून शस्त्रक्रिया घेऊं पाहणारा, पण घाईच्या प्रसंगीं ज्याचें चित्त ठिकाणावर राहत नाहीं, असा विद्यार्थी समोर असेल, तर त्यास तें स्पष्ट सांगणें हें सल्लागाराचें कर्तव्य आहे. विद्यार्थी रागावला तरी, त्याचे आईबाप दुखावले तरी. आठशें गुणांपैकीं एकही गुण मनाच्या स्थैर्यासाठीं राखलेला नाहीं, आणि टेबलावर निजणारा मनुष्य त्या खोलींत येऊन आपली बाजू मांडूं शकत नाहीं. त्याच्या वतीनें एवढें बोलणारा तेथें दुसरा कोण आहे?

परदेशच्या अर्जांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. आपला क्रमांक खुशामत करीत नाहीं, पण त्यास माणसाची ओळखही नसते. अमेरिकेस शिफारसपत्रें लागतात आणि विद्यार्थ्यानें स्वतःविषयीं लिहिलेलें निवेदन लागतें; त्यांत ओळख असते, आणि म्हणूनच लबाडीसही जागा असते. "तूंच लिहून आण, मी सही करतों," असें म्हणणारे अध्यापक दुर्मिळ नाहींत, आणि मोबदला घेऊन निवेदन लिहून देणारेही नाहींत. भाषा सुधारून देण्यांत आम्हांस कांहीं वावगें दिसत नाहीं. मराठी मुलाच्या इंग्रजींतील चुका हा वैद्यकाचा दोष नव्हे. पण न घेतलेला अनुभव लिहून देणें ही सरळ फसवणूक आहे. तिकडचा वाचणारा त्या कागदाच्या विश्वासावर एक रात्र, एक प्रभाग आणि तीस खाटा या मुलाच्या हातीं सोपविणार असतो.

या संदर्भांत आनंदीबाई जोशी यांचें १८८३ सालचें अर्जाचें पत्र आठवावें. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयाकडे प्रवेश मागतांना त्यांनीं स्वकीयांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण आल्याचें सांगितलें, आणि आपल्या देशांतील पीडित स्त्रियांना खरी वैद्यकीय मदत मिळावी हा हेतु लिहिला. १८८६ सालीं त्या पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांत त्यांची नेमणूकही झाली, पण १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास त्यांचा अंत झाला आणि तें काम राहूनच गेलें. त्या पत्रांत रुग्ण आहे, आणि तो अलंकार म्हणून आलेला नाहीं. आजच्या निवेदनांतही आजारी आजी असते, खेड्यांतील एखादें मूल असतें. पुष्कळदां तीं अर्जाच्या शोभेपुरतींच असतात. सल्लागारानें लेखणी हातीं न घेतां केवळ प्रश्न विचारीत राहावें: तें मूल कोण होतें, त्याला काय झालें होतें, तूं त्या दिवशीं काय केलेंस? उत्तर आलें नाहीं तर तें वाक्य खोडावें.

घराजवळच्या जागेचा आग्रहही असाच तपासून पाहावा. परळ किंवा शीव येथें जागा मिळाली तर मुलगा लोकलनें जाईल-येईल, ही आईची कल्पना प्रेमळ असली तरी खोटी आहे. निवासी डॉक्टराच्या तासांस रेल्वेचें वेळापत्रक पुरत नाहीं. अंबाजोगाई, नांदेड, यवतमाळ, धुळें हीं नांवें यादींत खालीं टाकण्यापूर्वीं तेथें शिकलेल्या एखाद्याची गांठ घालून द्यावी. हें काम समुपदेशक सहसा करीत नाहींत. त्यांत वेळ जातो आणि वेळेचे पैसे कोणी देत नाहीं.

पैशाचा विषय निघालाच आहे म्हणून एवढें सांगतों. सल्ल्याचा मोबदला घेणें अनीतीचें नव्हे. वकील घेतो, वैद्य घेतो. परंतु जागा मिळाली तरच ज्याचा पूर्ण मोबदला पदरांत पडतो, तो "या वर्षीं थांब, पुन्हां परीक्षेस बैस," हा सल्ला देईल कसा? कांहीं मुलांच्या बाबतींत तोच योग्य असतो. आईबापांनीं पैसे मोजण्यापूर्वीं त्यास प्रथम हेंच विचारावें, कीं असें थांबण्याचें त्यानें आजवर कितीजणांस सांगितलें.