तुळशीचा श्वास



चाळीस वर्षे कीर्तन केले. आता गळा साथ देत नाही, म्हणून लेखणी धरली आहे. आज एक चूक कबूल करतो आणि तिच्यातून निघालेली शंका आपल्यापुढे ठेवतो.

तुळशीचा महिमा सांगताना मी नेहमी म्हणायचो, "तुळस रात्रंदिवस प्राणवायू देते." श्रोते माना डोलवायचे. एका सप्ताहात कीर्तन संपल्यावर बारावीतली एक मुलगी पाया पडून म्हणाली, "महाराज, रात्री तुळस आपल्यासारखाच कार्बन डायऑक्साइड सोडते. दिवसासुद्धा तिचा श्वास चालूच असतो." चार माणसांत मी हसून म्हटले, "बाळ, पुस्तकातली तुळस वेगळी, विठोबाच्या गळ्यातली वेगळी." लोक हसले. मुलगी मान खाली घालून गेली. मी मात्र तेच वाक्य पुढेही सांगत राहिलो.

पुढे नातवाचे पुस्तक नीट वाचले, तेव्हा कळले की मुलगी खरे बोलत होती. यान इंगेनहाउझ नावाच्या वैद्याने 1779 सालीच दाखवून दिले होते की हिरवी पाने उजेडात हवा शुद्ध करतात आणि अंधारात ती दूषित करतात. जिवंत पेशी म्हटली की तिला श्वास आला. उन्हात पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर तयार करते, आणि त्याच वेळी, त्याच पानात, थोडी साखर जाळून जगतेही. त्या जळण्यातून निघालेला बराचसा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडण्याआधीच ते पान पुन्हा साखरेसाठी वापरते. चांगल्या उन्हात घेणे सोडण्याच्या कित्येक पट असते, म्हणून बाहेर आपल्याला प्राणवायूच मिळतो. पहाटेच्या अंधुक उजेडात एक क्षण असा येतो की दोन्ही बाजू सारख्या होतात. झाडे जेवढा कार्बन बांधतात, त्यातला सुमारे निम्मा त्यांच्याच श्वासात परत जातो.

आता शंका अशी : जी स्वतःही प्राणवायू घेते, तिला दाती कसे म्हणावे?

माउली, ही शंका तुळशीची नाही, आपली आहे. अन्नदान करणारा स्वतःही जेवतो. वारीत सेवा करणाऱ्याच्या घरीही कर्ज असते, मुलांच्या फिया असतात. मग मनात येते, आपण घेणारेच, आपला परमार्थ खरा कसा? पानाकडे पाहा. श्वास थांबवून त्याने दान केले असते, तर एका दिवसात पानही गेले असते आणि दानही. घेणे हा दोष नाही. घेतलेले कशाला लागते, हे पाहावे. रात्री पान नुसते घेते, पण दिवसाच्या साखरेवर चाललेल्या त्या श्वासातूनच मुळे वाढतात, कोंब फुटतात. मी आता खाटेवर बसून सुनेच्या हातचे खातो. ही माझी रात्र आहे. ती फुकट जाऊ नये, एवढेच मागतो.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. तुळशीचे मोठेपण प्राणवायूवर टांगण्याची मला गरज का वाटली? आपल्या आयाबाया डोक्यावर वृंदावन घेऊन पंढरीची वाट चालतात, त्या काही हवेचा हिशेब करून चालत नाहीत. तुळस विठोबाला आवडते, एवढे त्यांना पुरते. मला पुरले नाही, म्हणून मी खोट्याचा टेकू दिला. आणि तो टेकू वाचवण्यासाठी एका लेकराला खाली पाहायला लावले. श्रद्धा खऱ्याला भीत नाही. भीत होता तो माझा मान.

कीर्तन करणाऱ्या तरुण मंडळींना हात जोडून सांगतो, दृष्टांत तपासून घ्या. आणि ती मुलगी आज कुठे असेल ती असो, हे तिच्या वाचनात आले तर तिने समजावे की म्हाताऱ्याने चूक पदरात घेतली.

राम कृष्ण हरी.