कालिप्सोचं पाप

१९५६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या माहितीपटात सागरसंशोधक झाक कुस्तो यांची माणसं प्रवाळात डायनामाइट उडवतात. त्यांच्या कालिप्सो जहाजाच्या पंख्याने व्हेलचं पिल्लू जखमी होतं, रक्तामागे शार्क येतात आणि खलाशी त्या शार्कनाच बडवून मारतात. हेच कुस्तो १९६० साली भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याविरुद्ध उभे राहिले. १९७३ साली त्यांनी सागररक्षणासाठी संस्था काढली. मग आधीचं पाप फिटलं का?

‘तो काळच वेगळा होता’ हा बचाव टिकत नाही. सुरुंग लावणं हा विध्वंस आहे, हे चित्रपटातलं निवेदनच मान्य करतं आणि माशांच्या गणतीला दुसरा मार्ग नाही म्हणून पुढे सरकतं. म्हणजे जाण होती, सोय वरचढ ठरली. पण म्हणून नंतरचं सगळं काम ढोंग होतं, हा आरोपही उथळच. मनुस्मृती पापमुक्तीच्या उपायांत ख्यापन, म्हणजे स्वतःचं पाप उघड सांगणं, अनुतापाच्याही आधी मोजते. (मनूकडून हे शिकावं लागावं, ही गंमतच.) कुस्तोंचं ख्यापन कॅमेऱ्याने केलं, तेही फुशारकीच्या सुरात. तरी शार्कच्या दृश्यांना कात्री लावून चित्रपट ‘शुद्ध’ केला, तर त्या प्रायश्चित्तातला तेवढा अस्सल पुरावाच नाहीसा होईल.